हद्दीवर थांबलेले ओढे

"तुझंच खरं असणार, आम्रपाली. माझ्या बाजूच्या रेषा मी खोडून टाकतो," शौनक म्हणाला, आणि आम्रपालीच्या तोंडून "बरं" निघून गेलं.

झालं ते एवढंच. कुणी भांडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. सांगलीतल्या त्या कॉलेजच्या भूगोल विभागात संगणकाची खोली होती. धुळीच्या धास्तीनं चपला बाहेर काढायच्या आणि गार फरशीवर अनवाणी वावरायचं, असा तिथला रिवाज. त्या खोलीत दोघं टेबलावर वाकून उभी होती. समोर दोन नकाशे चिकटपट्टीनं जोडलेले. डावीकडचा साताऱ्यातल्या माण तालुक्याचा, शौनकनं केलेला. उजवीकडचा सांगलीतल्या आटपाडीचा, तिनं केलेला. माणमधून निळे ओढे चांगले वळणं घेत यायचे आणि जिल्ह्याच्या हद्दीवर आले की कुणी नळ बंद करावा तसे जागच्या जागी थांबायचे. पलीकडं कोरा कागद. आता पाणी काही तलाठ्याला विचारून वाहत नाही, तेव्हा दोघांतल्या एकाचं कुठंतरी चुकलं होतं. शौनक वाईकडच्या एका गावचा, कृष्णाकाठचा. पोरगा मनानं मोकळा, स्वतःची चूक कबूल करायला कधी मागं न सरणारा. त्यानं माणची पाहणी भाद्रपदात केली होती, आणि ती करताना त्याला जिकडंतिकडं पाणी खळखळताना दिसलं होतं. ती आटपाडीत फिरली वैशाखात. शब्द दोघांनी एकच वापरला होता, ओढा, आणि व्याख्याही एकच, तिनंच लिहिलेली: वर्षातले बहुतेक महिने पाणी वाहतं असा नैसर्गिक प्रवाह. शौनकनं विचार केला, ही जन्मानं माणची. ही म्हणते आहे पाणी नाही, तर नसणार. आपण चार दिवस पावसात हिंडून आलो आणि भुललो. त्याचा हा विचार इतका सभ्य होता की त्याच्याशी भांडायला तिला काही सापडेना.

घरी जाताना ती गणपती पेठेतून गेली. आईच्या डोळ्यांत घालायचं औषध घ्यायचं होतं. पेठेत हळदीचा वास भरून राहिलेला, पोत्यांवर, हमालांच्या पाठींवर, दुकानांच्या पाट्यांवर पिवळी भुकटी. तिचं लक्ष मात्र त्या एका शब्दात अडकलं होतं. बरं म्हणजे काय बरं? सोमवारी हा जोडलेला नकाशा पाणलोटाच्या योजनेसाठी जलसंधारण खात्याकडे जायचा होता. खात्याचा नियम सरळ होता, नकाशावर ओढा असेल तिथंच बंधारा. म्हसवडच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला तिचं गाव, आणि गावाला लागून ओढा. तिचा भाऊ महेंद्र तीन वर्षं त्या बंधाऱ्यासाठी दहिवडीला आणि साताऱ्याला खेटे घालत होता. त्याच्या गाडीच्या टायरापेक्षा त्याच्या चपला जास्त झिजल्या असतील. तो ओढा शौनकच्या निळ्या रेषांत होता. आज संध्याकाळी, नाहीतर उद्या दुपारी, शौनक ती रेषा पुसणार होता, आणि तीही तिच्यावरच्या विश्वासापोटी. शत्रूनं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथं तर तिच्याच शब्दाला मान देऊन तिचंच गाव कोरडं ठेवलं जात होतं.

आणि तिनं आटपाडीत ओढे धरले नव्हते ते का? हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही फारसं नाही. पाहणीला निघताना विभागातल्या पद्मा मॅडम म्हणाल्या होत्या, की शक्यतो आपला तालुका आपण करू नये, नजर आपल्याकडं झुकते. त्यांनी सहज म्हटलेलं. पण तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. आटपाडी म्हणजे माणचाच सख्खा भाऊ. तीच वाळू, तीच बाभळ, तीच मेंढरं. तिथल्या प्रत्येक ओढ्यात ती उतरायची, वाळू पायाला चटकायची, आणि आतून कुणीतरी म्हणायचं, आहे गं पाणी, खाली आहे, हातभर उकर. तिनं उकरलं नाही. लोक म्हणतील, हिचा तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्या एका भीतीनं तिनं आपल्याच बाब्याला कार्टं करून टाकलं. व्याख्येत वाहतं असं लिहिलंय, तर वाहायलाच पाहिजे, झिरपून चालायचं नाही. ते लिहिताना तिला कोण अभिमान वाटला होता! इतक्या कोरड्या भाषेत, इतक्या ठामपणे, जणू ती कुठल्याच गावची नव्हती. शिकलेलं माणूस कुठल्याच गावचं नसतं, असं तिला तेव्हा वाटायचं. सांगलीत नवी आली तेव्हा आयर्विन पुलावर ती कठड्याला धरून उभी राहिली होती. खाली कृष्णा. एवढं पाणी चाललंय आणि पुलावरनं जाणारा एक माणूस मान वळवून बघत नाही. तिला आनंद झाला नव्हता. खरं सांगायचं तर तिला राग आला होता. मग सवय झाली. पाणी नाही म्हणजे नळाला उशिरा येणार, हा सांगलीचा अर्थ तिच्या तोंडी बसला.

आई तिच्याकडंच होती. जाईबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं आणि पुन्हा दाखवायला जायचं म्हणून लेकीच्या खोलीवर मुक्काम. डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि उरलेल्या एका डोळ्यानं त्या तांदूळ निवडत बसलेल्या. नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. आम्रपालीनं पट्टी सारून औषधाचे थेंब घातले, चहा टाकला, आणि पाठमोरी उभी राहून विचारलं, "आये, ओढा म्हनलं की तुला पयलं काय दिसतं गं?"

"काय दिसायचं? पाठ दुखती," जाईबाई म्हणाल्या. "हे का इचारतीस?"

"आसंच. बंधारा व्हनार का न्हाई, बगायलीया."

"म्हेंद्र लय हुरळलाय त्येच्यापायी. पर मला सांग, बांध घालनार कुटं? त्या धोंडंवरच ना? समद्यास्नी तीच जागा दिसती, आयता खडूक हाय म्हनून. मग धोंडंच्या वर पानी थोपंल, आन खालच्या वाळूनं काय प्यायचं? आपला प्यायच्या पान्याचा झिरा खालच्या वाळूत हाय, इसरलीस व्हय?"

"आन ओढा नकाशावर आलाच न्हाई तर?"

"न्हाई तर न्हाई. टँकर हायच की."

"टँकर कवा येतो?"

"त्येच्या मनाला यील तवा," असं म्हणून जाईबाईंनी एक खडा बाजूला टाकला.

म्हणजे झालं, आगीतून फुफाट्यात. गप्प बसावं तर ओढाच पुसला जाणार आणि महेंद्रची तीन वर्षं पाण्यात, तेही पाण्यावाचून. नुसता ओढा आहे म्हणून सांगावं, तर बंधारा धोंडेवर येणार आणि खालच्या वस्तीचा झिरा आटणार. तिसरी वाट एकच, सगळंच सांगायचं. म्हणजे एका ओढ्याला झिरे दोन का, ते सांगायचं. गार फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या त्या चांगल्या माणसांना. तिचं नाव ऐकून, आडनाव ऐकून त्यांना सगळं ठाऊक होतंच. आणि ठाऊक असूनही कुणी कधी तसं दाखवलं नव्हतं, याबद्दल ती त्यांची मनातून ऋणी होती. ती सभ्यतेची पातळ साय आपल्याच हातानं फोडायची होती.

रात्री आई झोपली आणि हिच्या डोळ्यांपुढं तो ओढा आलाच. वैशाखातला. वाळू पांढरी, बघवत नाही अशी. वळणावर करंजाचं झाड, त्याच्या सावलीत वरचा झिरा, वाळूत उकरलेला कमरेएवढा खड्डा. तळाशी पाणी पाझरत यायचं, वाटीनं हळूहळू कळशीत भरायचं. मग ती मोठी धोंड, ओढ्यात आडवी पडलेली. धोंडेच्या वरच्या अंगाला डबकं राही तोवर गुरं धुवायची, गोधड्या धुवायच्या. आणि धोंडेच्या खाली, वळणाआड, ना झाड ना सावली, तिथं खालचा झिरा. ती लहान होती, शाळेत नुकती घातलेली. आईबरोबर जाता जाता तिला करंजाखालची गार वाळू दिसली आणि ती सरळ वरच्या झिऱ्यात वाकून ओंजळीनं पाणी प्याली. तिथं हरणाबाई बसल्या होत्या, पाटलाच्या वाड्याकडच्या. झिऱ्यात नुकतं चांगलं पाणी साठलं होतं. हरणाबाई रागावल्या नाहीत. "पी बाय, तानली असशील," म्हणाल्या, मायेनं म्हणाल्या. मग ती पिऊन झाल्यावर त्यांनी वाटी घेतली आणि झिऱ्यातलं सगळं पाणी उपसून वाळूत टाकलं. तळ दिसेपर्यंत. आणि पदरानं वारा घेत नव्या पाण्याची वाट बघत बसल्या, जसं काही काहीच झालं नव्हतं. कुणी मारलं असतं तर तिनं तो घाव लोकांना दाखवला असता. पण ती माया आणि ती वाटी एकत्र कशी सांगायची, हे तिला एम. ए. होऊनही कळलं नव्हतं. तिच्या डोक्यातला ओढा म्हणजे तो होता, वाळूत जिरत गेलेलं ते भरलं पाणी. वाहतं पाणी त्यात नव्हतंच. म्हणून तर व्याख्या लिहिताना तिनं ते सगळं बाहेर ठेवलं आणि दुसऱ्याच कुणाचा तरी ओढा आत घेतला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पद्मा मॅडमची एक रीत होती. नकाशा जुळला नाही की त्या चूक शोधत बसायच्या नाहीत. शनिवारी दुपारी सगळ्यांना गोल बसवायच्या आणि अडलेला शब्द मधे टाकायच्या. हा शब्द ऐकला की तुला डोळ्यापुढं काय येतं, कुठलं, कुठल्या महिन्यातलं, आणि तुझं त्याच्याशी काम काय होतं, हे प्रत्येकानं सांगायचं. व्याख्या सगळ्यांच्या शेवटी. मागं माळ या शब्दावर अख्खी दुपार गेली होती. एकाच्या मनात मेंढरं, दुसऱ्याच्या मनात क्रिकेट. संगणकाला हे काही कळत नाही, त्याच्या रकान्यात दहाच अक्षरं मावतात, अशी शौनकची कुरकुर असायची. त्यावर मॅडम म्हणायच्या, "यंत्राला नंतर कळू दे, आधी आपल्याला कळू दे. आपण एकमेकांना नकाशा देतो, पण तो काढताना मनात काय होतं ते देत नाही. मग घेणारा त्यात आपलंच मन घालतो." गाव या शब्दाच्या वेळी आम्रपालीनं जनगणनेतली व्याख्या म्हणून दाखवली होती. मॅडमनी तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं होतं, पण विचारलं काही नव्हतं.

आज शब्द होता ओढा. मॅडम स्वतः सांगलीच्या. त्यांना आठवला पुराच्या दिवसांत उलटा वाहत गल्लीत शिरणारा ओढा, आणि त्याचा वास. शौनक म्हणाला, "आमचा ओढा दिसायच्या आधी ऐकू येतो. शाळेला जाताना दगडांवरनं उड्या मारत पलीकडं. एकदा दप्तरासकट पडलो होतो." सगळे हसले. मग तो म्हणाला, "म्हणूनच मी माणमध्ये फसलो. आवाज आला की ओढा, असंच माझ्या डोक्यात. आम्रपालीनं डोळे उघडले माझे. आज खोडतो सगळं." आणि त्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, कौतुकानं.

"खोडू नकोस," ती म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "सांग. सावकाश सांग."

तिनं पुस्तकी भाषेत सुरुवात केली. प्रवाह, वाळूचा थर, पृष्ठभागाखालचं पाणी. दोन वाक्यं गेली आणि भाषाच तिच्या हातून सुटली. "आमच्या ओढ्याला आवाज न्हाई. पानी दिसतच न्हाई वरनं. उकरायचं, बसायचं, वाट बगायची. आठ म्हैने कोरडा म्हनून त्यो ओढा न्हाई असं मी लिवलं, पर त्याच आठ म्हैन्यात त्यो आमाला लागतो. पावसाळ्यात त्याच्याशी कुनाचं काय काम?" मग ती थांबली, पुन्हा सावरली. "आटपाडीतल्या माझ्या जागा चुकल्यात. मी बघितलं, पण उकरलं नाही. शौनकच्या रेषा बरोबर आहेत. फक्त आमच्या गावच्या रेषेवर, धोंडेच्या खाली, एक झिरा दाखवायला पाहिजे. नाहीतर खात्याचे लोक बंधारा धोंडेवर घालतील आणि तो आटेल."

शौनक मन लावून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं, दुसरं काही नाही. "पण एक कळलं नाही. धोंडेच्या वर पाणी आहेच म्हणतेस, झाडाखाली. मग खाली आणखी एक कशाला? लांबही पडतो, घाणही तिकडंच येणार. खालचा कुणाचा?"

"आमचा," आम्रपाली म्हणाली.

शौनकनं मान खाली घातली आणि तो आपल्या अनवाणी पायांकडं बघत राहिला. त्याला समजलं होतं, आणि आपल्याला इतका वेळ समजलं नव्हतं हेही समजलं होतं. तो माफी मागेल अशी तिला धास्ती वाटली. मागितली असती तर तिला रडू आलं असतं, आणि ते तिला नको होतं. पण पोरगं शहाणं निघालं. तो म्हणाला, "आमच्याकडं नदीला खालच्या अंगाला एक उतार आहे. तिकडनं कोण पाणी भरायचं, मी कधी विचारलंच नाही. वाट आहे म्हणजे वाट, एवढंच वाटायचं." मग उठून त्यानं नकाशा खुणा संगणकात उतरवणाऱ्या यंत्राच्या पाटावर पसरला. "ये. बोट ठेव, मी बिंदू घेतो."

तिनं बोट ठेवलं. शौनकनं कळ दाबली. मॅडमनी नवे रकाने करायला लावले: कुणी पाहिलं, कुठल्या महिन्यात पाहिलं, पाणी कुणाच्या कामाचं. दहा अक्षरांची कुरकुर आज शौनकनं केली नाही. शब्द तोडूनमोडून बसवले. बंधारा खालच्या झिऱ्याच्या खाली घ्यावा, अशी शिफारस मॅडमनी स्वतःच्या सहीनं जोडली. शेवटी शौनकनं विचारलं, "वरचाही घेऊ का, झाडाखालचा?" ती पटकन म्हणाली, "नको, गरज नाही. बांध खाली झाला की तो आपोआप भरतोच." ते खरंही होतं. आणि एवढं बोलून झाल्यावर आता करंजाच्या सावलीत बोट न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. हरणाबाई अजून होत्या. भेटल्या की तिच्या गालावरनं हात फिरवायच्या, "लय शिकली गं आमची बाय," म्हणायच्या.

नकाशाची कच्ची प्रत घेऊन ती घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. अंग हलकं झालं होतं, ताप उतरल्यासारखं. तिनं कागद आईच्या पुढ्यात चटईवर पसरला, कोपऱ्यांवर तांब्या आणि पुस्तकं ठेवली. "आये, बग. ओढा आला. आन आपला झिराबी आला." जाईबाईंनी एक डोळा बारीक करून बघितलं. लेकीनं त्यांचं बोट धरून रेषेवर ठेवलं, वळणावळणानं खाली आणलं आणि बिंदूवर थांबवलं. "ह्यो आपला. बांध ह्येच्याबी खाली घ्या म्हनून लिवलंय बाईंनी."

बोटाखालचा कागद जाईबाई चाचपत होत्या, तो ओला लागतोय का बघावं तशा. त्यांचा चेहरा उजळला होता, ते लपवायला त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग बोट रेषेवरनं परत वर सरकत गेलं, धोंडेच्या जागेपर्यंत, धोंडेच्याही वर, आणि तिथं घुटमळलं.

"वरचा कुटं हाय?"

"त्यो न्हाई लावला. त्येची गरज न्हवती, आये. बंधाऱ्याच्या कामाला आपलाच लागतो."

"लाव."

"कशाला पर? उगं हरणाकाकूला..."

"हरणीचं काय जातंय त्येच्यात? लाव म्हनते ना," जाईबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नुसता खालचा दावलास, तर बगनाऱ्याला वाटंल, आमी हौसंनं खाली जात हुतो."

आम्रपालीनं कागदाची सुरळी केली, पायात चपला सरकवल्या आणि संगणकाची खोली बंद व्हायच्या आत कॉलेजला पोचायचं म्हणून निघाली.